कावळा बसायला आणि फांदी मोडायला

पत्र :

"ताई, नमस्कार. मी 31 वर्षांचा आहे, पुण्यात नोकरी करतो, गाव कराडजवळ. कॉलेजात असल्यापासून देव मानत नाही आणि हे घरात लपवलेलं नाही. अण्णांशी, म्हणजे वडिलांशी, त्यावरून खूप वाजायचं. गेल्या वर्षी गणपतीला मी गेलोच नाही. तेव्हा त्यांनी एसटीच्या कंडक्टरकडे मोदकांचा डबा दिला आणि फोनवर म्हणाले, 'आरती नको करूस, मोदक तरी खा.' मी धड बोललोसुद्धा नाही. यंदा जूनमध्ये अण्णा झोपेतच गेले. आदल्या रात्री त्यांचा फोन आला होता, तो गाडीच्या टायरबद्दल. घाटात पाऊस आहे, गुळगुळीत टायरवर येऊ नकोस, एवढंच.

दहाव्याला सकाळी घरी आईच्या बांगड्या वगैरे झालं आणि आम्ही कराडला नदीच्या घाटावर, प्रीतिसंगमावर गेलो. पिंड ठेवला. पाऊस भुरभुरत होता. कावळे झाडावर होते, पण तास झाला तरी एक उतरेना. काका म्हणाले, काहीतरी राहिलंय त्याचं, बोल. मी हात जोडून म्हटलं, आईला अंतर देणार नाही. काही नाही. मग म्हटलं, धाकटीचं शिक्षण पूर्ण करीन. काही नाही. काकांनी सगळ्यांना मागे सरकायला लावलं आणि माझ्या कानात म्हणाले, 'गणपतीचं बोल.' तोवर पाऊसही थांबला होता. मी म्हटलं, 'अण्णा, घरचा गणपती दर वर्षी मी बसवीन.' वाक्य संपतंय तोच कावळा उतरला. सगळे रडले. मीही.

तेव्हापासून झोप नाही. योगायोग असेल तर इतका नेमका कसा? अण्णांनी ऐकलं असेल का? आणि ऐकलं नसेल, तर गणपती बसवणं हे ढोंग नाही का? बायको म्हणते, बसव, काय बिघडतं? भाद्रपदाला दीड महिना उरलाय."

उत्तर :

अरे,

तू मला ताई म्हटलंस, पण माझा मुलगा तुझ्याहून मोठा आहे, म्हणून अरे-तुरेच करते.

आधी सरळ प्रश्नाचं सरळ उत्तर. अण्णांनी ऐकलं नाही. ऐकायला ते तिथे नव्हते. माणसाचं ऐकणं, आठवणं, रुसणं ज्या मेंदूत चालतं तो मेंदू थांबला की ते सगळं थांबतं, आणि दहा दिवसांनी एखाद्या कावळ्यात पुन्हा सुरू होत नाही. हे मऊ करून सांगता आलं असतं. पण तुझी झोप उडालीय, आणि 'असेलही, नसेलही' अशा उत्तराने कुणाला झोप लागलेली मी पाहिलेली नाही.

आता त्या नेमकेपणाकडे वळू. आपल्या भाषेत योगायोगाला काय म्हणतात? कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. संस्कृतात त्यालाच काकतालीय न्याय म्हणतात, कावळा ताडावर बसायला आणि ताडफळ पडायला. कावळ्याच्या भाराने फांदी मोडत नसते हे ज्यांनी ही म्हण केली त्यांना पक्कं ठाऊक होतं. योगायोगाचं नावच ज्या भाषेने कावळ्यावरून ठेवलं, तीच भाषा बोलणारी आपण माणसं घाटावर उभी राहून त्याच पक्ष्याच्या येण्याजाण्याचा अर्थ लावत बसतो.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तू फार प्रामाणिकपणे लिहिलंयस, आणि उत्तर त्यातच आहे. तुझ्या तिसऱ्या वाक्याच्या आसपास तीन गोष्टी घडल्या. पाऊस थांबला. काकांनी लोकांना मागे सरकवलं. आणि तू गणपतीचं बोललास. यातल्या पहिल्या दोन कावळ्याच्या कामाच्या, तिसरी तुझ्या. श्रेय मात्र तू सगळंच्या सगळं तिसरीला दिलंस. कावळा हा अतिशय सावध पक्षी आहे. अमेरिकेत सिअॅटलच्या संशोधकांनी एक विशिष्ट मुखवटा घालून काही कावळे पकडले आणि सोडून दिले, तर पुढे कित्येक वर्षं तो मुखवटा दिसला की तिथले कावळे कालवा करायचे. असा पक्षी पंचवीस-तीस माणसं कोंडाळं करून उभी असताना भाताच्या गोळ्यावर उतरेल कशाला? माणसं मागे गेली, पाऊस थांबला, आला. तू त्या वेळी 'वीजबिल भरीन' म्हणाला असतास तरी आला असता.

दुसरी गोष्ट जरा रागानेच लिहिते. कावळा म्हणजे अण्णा असं घटकाभर धरून चालू. मग अर्थ काय होतो? मुलगा म्हणाला आईला अंतर देणार नाही, अण्णा झाडावरून हलले नाहीत. मुलगा म्हणाला बहिणीला शिकवीन, तरी नाहीत. आणि मूर्तीचं नाव काढल्याबरोबर उतरले. असा होता का रे तुझा बाप? पत्रावरून मला तरी तसा वाटला नाही.

आणि ते तिसरं वाक्य सुचलं कुणाला? काकांना. अण्णांच्या मनात गणपतीचं होतं हे काकांना माहीत होतं, तुला माहीत होतं, सगळ्या घाटाला माहीत होतं. पिंडापाशी विचारल्या जाणाऱ्या इच्छा नेहमी अशाच असतात, जिवंत माणसांना आधीच ठाऊक असलेल्या. एफडीची पावती कुठल्या डब्यात ठेवलीय, ते एकच गेलेल्या माणसाला माहीत असतं. ते कावळ्याला विचारून सापडल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही. त्यासाठी कपाटच उपसावं लागतं.

कावळा आलाच नसता तर काय झालं असतं, याचा विचार केलायस का? तुम्ही पिंड उचलून परत आणला असता का? नाही. गुरुजींनी दर्भाचा कावळा केला असता, तो पिंडाला लावला असता, आणि सगळे घरी जेवायला आले असते. हे मी ऐकीव सांगत नाही. माझी आई गेली तेव्हा पुण्यात ओंकारेश्वराच्या घाटावर आम्ही दोन तास उभे होतो. कावळे खंडीभर, पण आजूबाजूला इतरांचेही पिंड होते आणि त्यांची पोटं भरलेली होती. भावाने होती नव्हती ती सगळी आश्वासनं दिली. मी तेव्हाही देव मानत नव्हते, आणि तरी मान वर करून झाडाकडे बघत होते, हे कबूल करते. शेवटी दर्भाचा कावळा झाला. निघताना मामींनी माझ्याकडे असं पाहिलं की काही बोलायची गरज नव्हती. मी घरच्यांच्या मनाविरुद्ध रजिस्टर लग्न केलं होतं. आईची 'राहिलेली इच्छा' म्हणजे मी. पुढची कित्येक वर्षं लग्नाकार्यात मामी ती गोष्ट सांगायच्या. दर्भाच्या कावळ्याने सगळं पार पडलं होतं, पण मला लावलेला बोल काही त्याने पुसला नाही.

म्हणजे बघ, कावळा लगेच शिवला तर आत्मा तृप्त. उशिरा शिवला तर इच्छा होती, ती पुरी झाली. शिवलाच नाही तर इच्छा राहिली, आणि दर्भाने काम भागलं. काहीही घडलं तरी समजूत खरीच ठरते. ज्या परीक्षेत नापास होण्याची सोयच नाही, तिच्यात पास होण्याला मी पुरावा म्हणत नाही.

खरी परीक्षा कशी असते ते सांगते. 2008 साली खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे (अंनिसचे) कार्यकर्ते आणि पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ यांना बरोबर घेऊन फलज्योतिषाची चाचणी केली. 200 मुलांच्या कुंडल्या, त्यातल्या 100 हुशार विद्यार्थ्यांच्या आणि 100 मतिमंद मुलांच्या. प्रत्येक ज्योतिष्याला त्यातल्या 40 पाठवायच्या आणि त्याने सांगायचं, कुठली कोणाची. नुसता छापा-काटा केला तरी सरासरी 20 बरोबर येतात. 51 ज्योतिषी पुढे आले, उत्तरं 27 जणांनी पाठवली. सगळ्यात चांगला निकाल 24, आणि सगळ्यांची सरासरी 20 च्याही खाली. मला या चाचणीत आवडतं ते हे की निकाल ज्योतिष्यांच्या बाजूने लागायलाही वाट मोकळी ठेवली होती. लागला असता तर नारळीकरांना तोही छापावा लागला असता.

कावळ्याची अशी चाचणी करायची तर कुणाच्याही नावाचे नसलेले पिंडही ठेवावे लागतील. तुझं पत्र आल्यावर मी गच्चीच्या कठड्यावर रोज सकाळी दहीभाताचा गोळा ठेवायला लागले. बारा दिवस झाले. वेळ कालनिर्णयच्या चौकोनात लिहून ठेवते. एका दिवशी चार मिनिटांत आला, एका दिवशी पन्नास. तीन दिवस फिरकलाच नाही. त्यातल्या एका दिवशी शेजारच्या गच्चीवर पत्र्याचं काम चाललं होतं, उरलेल्या दोन दिवसांचं कारण मला सापडलेलं नाही. मी अजून जिवंत आहे आणि माझी इच्छा एवढीच होती की त्याने लवकर यावं, म्हणजे मला चहा घेता येईल. याला प्रयोग म्हणणार नाही मी. पण 'तास झाला तरी उतरेना' या वाक्याची भीती वाटत असेल तर तूही बाल्कनीत आठ दिवस करून बघ.

'इतका नेमका' असं मनाला का वाटतं, त्यासाठी एक जुना प्रयोग. 1948 साली स्किनर नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने भुकेली कबुतरं पिंजऱ्यात ठेवली. ठरावीक वेळाने दाणे आपोआप यायचे, कबुतराने काहीही केलं तरी. पण दाणे आले तेव्हा एक कबुतर गोल फिरत होतं, एक मान झटकत होतं. थोड्या दिवसांनी पहिलं सतत गोल फिरायला लागलं आणि दुसरं सतत मान झटकायला, कारण त्यांचा समज झाला की दाणे त्यामुळेच येतात. तिथे माणसाने पक्ष्यांना अंधश्रद्ध केलं. प्रीतिसंगमावर पक्ष्याने माणसांना केलं, आणि तो बिचारा दहीभात खाऊन निघूनही गेला.

आता बायकोचा प्रश्न, काय बिघडतं? गणपती बसवून काहीच बिघडत नाही. 'कावळ्याने मागितलं म्हणून' बसवलास तर बिघडतं. घरात एकदा कावळ्याच्या नावाने सही झाली की ती पुन्हा चालते. यंदा गणपती, वर्षश्राद्धाला वाटणीचा कागद, नंतर धाकटीने कुणाशी लग्न करावं ते. तुझ्या काकांच्या मनात तसं काही आहे असं मी म्हणत नाही. त्यांचा भाऊ गेलाय, त्यांनाही तेव्हा काहीतरी हातात हवं होतं. पण घाटावर रडत्या मुलाच्या तोंडून वदवून घेतलेलं वाक्य हे फार सोपं हत्यार आहे. माझ्या मामींनी कसं वापरलं ते सांगितलंच.

ओंकारेश्वराजवळच्या त्या पुलावर 20 ऑगस्ट 2013 ला सकाळी फिरायला निघालेले अंनिसचे संस्थापक नरेंद्र दाभोलकर यांच्यावर गोळ्या झाडल्या. खाली घाटावर लोक पिंड ठेवत असतात, वर हा पूल. हा माणूस आयुष्यभर सांगत राहिला की देवाधर्माला आमचा विरोध नाही, शोषण करणाऱ्या अंधश्रद्धेला आहे. मला स्वतःला देवाचं अस्तित्वही पटत नाही. पण भांडण कुठे करायचं आणि कुठे नाही, हे मी त्यांच्याकडून शिकले. अण्णांच्या देव्हाऱ्याशी भांडण करू नकोस. तो कुणाला लुबाडत नाही.

भांडायचंच असेल तर जागा तुझ्याच पत्रात आहे. कावळ्यावर तू अख्खा परिच्छेद लिहिलास, पाऊस, झाड, कोण कुठे उभं होतं, सगळं. आणि आईवर अर्धी ओळ, 'आईच्या बांगड्या वगैरे झालं.' वगैरे म्हणजे काय रे? बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं, मंगळसूत्र काढलं, हेच ना? कॉलेजपासून तू देव मानत नाहीस, बापाशी त्यावरून भांडलास, गणपतीला गेला नाहीस. त्या सकाळी मात्र शेजारच्या खोलीत हे चाललं असताना तू काय करत होतास? मला तुला टोचायचं नाही. दहाव्या दिवशी कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं. पण आत्मा ऐकतो की नाही यावर तू दीड महिना जागतोयस, आणि जी नक्की ऐकते तिला विचारलेलं पत्रात कुठे दिसलं नाही. आमच्या लहानपणी बाई चार दिवस बाजूला बसली की पोरांना सांगायचे, तिला कावळा शिवलाय. तोच पक्षी, पिंडाला शिवला तर मुक्ती आणि जिवंत बाईला शिवला तर विटाळ.

कराडहून कृष्णा खाली शिरोळ तालुक्यात जाते. तिथल्या हेरवाड गावाच्या ग्रामसभेने मे 2022 मध्ये ठराव केला, गावात विधवा प्रथा बंद. बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. ठराव करणारी माणसं काही नास्तिक नव्हती, साधी गावातली, आषाढीला पंढरपूरला जाणारी माणसं असतात ना, तशीच. आईसमोर चाललंय ते तिला दुखवणारं आहे, एवढं बघायला नास्तिक असावं लागत नाही, आणि नास्तिक असल्याने ते आपोआप दिसतंच असंही नाही.

म्हणून माझा सल्ला असा. या शनिवारी गावी जा. आईला दोन गोष्टी सांग. एक, मी घाटावर जे बोललो ते कावळ्यामुळे पाळणार नाही, कारण कावळा म्हणजे अण्णा हे मला पटत नाही. हे तिला आत्ताच कळू दे. वीस वर्षं मनात धरून बसण्यापेक्षा एकदा रडलेलं बरं. दोन, गणपतीला मी येईन. मूर्ती मी आणीन, मखर मी करीन, उकड मी मळीन, विसर्जनाला पाण्यात मी उतरीन. पण माझ्या तोंडी संकल्प शोभणार नाही, तर पूजेला तूच बस.

हो, आईच. विधवेने पूजेला बसू नये असं कुणीतरी म्हणेलच, बहुधा काकूच. तेव्हा तुझा सगळा विवेकवाद तिथे खर्च कर, तो त्यासाठीच असतो. नेहमीचे गुरुजी कां-कूं करायला लागले तर दुसरे बघ. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीने तयार केलेल्या स्त्री पुरोहित कितीतरी वर्षं पौरोहित्य करतायत, म्हणजे अगदीच जगावेगळं मागत नाहीयेस. आणि आई म्हणाली, मला नको, सध्या मन नाही, तर तिला ओढू नकोस. चुलतभावाला बसव, तू ताट पुढे कर. (मी देव न मानणारी बाई, आणि पूजेला कोण बसणार याची व्यवस्था लावतेय. हसू नकोस.)

यात ढोंग कुठे आहे ते मला दिसत नाही. जे पटत नाही ते तू म्हणणार नाहीस, आणि जे करशील ते लपवून करणार नाहीस.

राहिलं एक. अण्णांनी ऐकलं असेल का, असं तू विचारलंस. पण तुला विचारायचंय ते निराळं. अण्णांनी मला माफ केलं असेल का, हे ना? त्याला मात्र पुरावा आहे, आणि चांगला भक्कम आहे. इथे वाहिलेलं अन्न वर मेलेल्या माणसाला पोचत असेल, तर प्रवासाला निघालेल्याला शिदोरी कशाला द्यायची, घरीच त्याच्या नावाने जेवण घालावं की, असा चार्वाकांचा, म्हणजे परलोक न मानणाऱ्या प्राचीन विचारवंतांचा, जुना टोमणा आहे. अण्णा काही चार्वाक नव्हते, पण मोदक पोरापर्यंत पोचवायचे तर नैवेद्य दाखवून भागत नाही, एसटीच्या कंडक्टरला गाठावं लागतं, हे त्यांना कळत होतं. 'आरती नको करूस' हे वाक्य तुझ्या बापाने जिवंतपणी, स्वतःच्या तोंडाने, तुला उद्देशून म्हटलंय. तुमचं भांडण त्यांच्या बाजूने तिथेच मिटलं होतं. तू उशीर केलास, हे खरं आहे, आणि ते दुःख मी काय, कुणीच घालवू शकणार नाही. पण त्यांच्या मनात काय होतं ते कळायला तुला झाडाकडे बघायची गरज नाही.

आणि टायर बदललेस की नाही ते पत्रात लिहिलं नाहीस. खंबाटकीच्या घाटात अजून पाऊस आहे.